हिरव्या लुगड्याची चिंधी

लोक जखमेवर काय काय लावून कॅज्युअल्टीत येतात, ते विचारू नका. हळद, कॉफी, टूथपेस्ट. रोज कुणाला तरी ओरडावं लागतं. पण माजिवड्याच्या पुलाखालून आणलेल्या प्रितमला मी ओरडले नाही. जेवणाचे डबे पोचवणारा पोरगा, बाईकवरून पडलेला, मांडीची धमनी तुटलेली. हिरव्या लुगड्याची एक चिंधी त्या जखमेच्या वर आवळलेली होती, म्हणूनच तो जिवंत पोचला. चिंधी ओली होती, आणि तिला खाडीच्या चिखलाचा वास येत होता.

"कुणी बांधली रे?" ऑपरेशननंतर मी विचारलं.

"एक म्हातारी होती मॅडम. सिग्नलला थांबलेलो, तेव्हा बांधली."

"म्हणजे सिग्नललाच पडलास?"

"नाय मॅडम. पडलो ते नंतर ना, पुढे..."

रक्त गेलेला माणूस काहीही बरळतो. मी सोडून दिलं.

मग कळव्याच्या देवयानी टीचर आल्या. वर्गाच्या खिडकीची काच दंडात घुसलेली, आणि वर तीच हिरवी चिंधी, तशीच ओली.

"शाळेच्या फाटकात एका बाईने बांधली. मला वाटलं, कसलं तरी व्रत असेल. सैल होती हो. काच लागली आणि... आपोआप आवळली."

त्याही वाचल्या. जखम शिवून झाल्यावर आमच्या पामेला सिस्टरने चिंधी कापली, चिमट्याने पिवळ्या डब्यात टाकली आणि क्रूसाची खूण केली. मी तिला हसले. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आज दुपारी बाबा आले. रिटायर झाल्यापासून ते रोज तलावाकाठच्या बाकावर डुलकी काढतात आणि घरी जाताना मला भेटून जातात.

"हेमांगी, गंमत ऐक. बाकावर डोळा लागला, जाग आली तर माझ्या पायांचे दोन्ही अंगठे एकत्र बांधलेले! अगं, मयताचे बांधतात तसे. पोरांनी चेष्टा केली असणार."

हसत हसत त्यांनी खिशातून चिंधी काढून टेबलावर ठेवली. हिरवी. ओली.

"बाबा... तुम्ही सोडलीत ती?"

"मग काय उड्या मारत येऊ?"

बाबांना दटावून खाटेवर झोपवलं. ईसीजी, बीपी, साखर, रक्त, सगळं तपासलं. सगळं नॉर्मल. "उगाच घाबरतेस," म्हणत ते झोपून गेले.

शेजारच्या पेशंटला बघून मी परत आले. मॉनिटर नीट चालला होता. बाबा घोरत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ते घोरणं गोड वाटलं. चादर पायाशी भिजलेली दिसली, म्हणून उचलली.

अंगठे बांधलेले होते.

टेबलावरची चिंधी जागेवर नव्हती. पामेलाने कात्री माझ्यापुढे धरली. "कापा ना, डॉक्टर..."

मी कात्री घेतली. पण त्या दोघांची चिंधी आम्ही जखम शिवल्यावर कापली होती. आधी कापली असती, तर दोघंही गेले असते. बाबांना जखमच नाही. मग ही त्यांना धरून ठेवायला बांधली आहे, की न्यायला?

तेव्हापासून मी त्यांच्या पायाशी बसून आहे. कात्री हातात आहे. बाबा घोरताहेत. डोक्यावरचा पंखा जोरात फिरतो आहे, आणि चिंधी काही वाळत नाही.