भरतीचा दरवाजा

ललिता माझी मावसबहीण. बी. ए. झालेली, भुताखेतांना हसणारी. हे सांगताना मात्र ती हसली नाही. पटलं तर घ्या, पण घडलंय ते असंच.

साल छप्पन. प्रभादेवी. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती. तिन्हीसांजेलाच रस्ते ओस. कर्फ्यू.

तिचे यजमान कमलाकांत समुद्राच्या बांधावर ओव्हरसीअर. बांधाखालून एक भुयारी नाला समुद्राला मिळायचा. भरती आली की भुयाराच्या वस्तीकडच्या तोंडाचा लोखंडी दरवाजा चाक फिरवून खाली सोडायचा. नाहीतर पाणी थेट सखल वस्तीत. तिथंच ललिताची खोली, आणि खोलीत पाळण्यात आठ महिन्यांची बेबी.

हे काम आनंदा नावाच्या गड्याचं. तो मालवणचा. सोडण्याआधी भुयारात हाक मारायचा, "कोण आसा काय रे थंय?" समुद्राकडच्या तोंडातून पोरं खेकडे धरायला शिरत. उत्तर आलं, तर पोर बाहेर निघेपर्यंत दरवाजा हलवायचा नाही. हा नेमच.

त्या दिवशी आनंदा मोर्चात अडकला. भरती उधाणाची. एकट्याला चाक हलेना, म्हणून कमलाकांतांनी ललिताला बोलावलं. बेबीजवळ शेजारची रखमा बसली.

"अहो, आधी हाक मारा."

"कर्फ्यूत कोण येतंय खेकडे धरायला? लाव हात."

शेवटी तीच वाकली. "आत कोणी आहे का?"

लाटांचा आवाज एकदम थांबला…

"आहे."

लहान मुलाचा आवाज.

"बाहेर ये, बाळा! लवकर!"

कोणी बाहेर आलं नाही.

"तुझाच आवाज घुमतोय," कमलाकांत म्हणाले. पण त्यांचाही हात चाकावरून सुटला होता.

दोघं थांबले. पाणी घोट्याला लागलं… मग गुडघ्याला…

मागून रखमा ओरडली, "गो बाय, पाणी घरात इला! पाळण्याक लागतला आता!"

ललितानं डोळे मिटले आणि चाक धरलं.

दरवाजा खाली बसला.

आणि लोखंडावर पलीकडून थाप पडली. अगदी तळाशी.

मग जरा वर…

मग तिच्या कानाशी…

"आई."

पुढे नुसतं पाणी.

ओहोटीला दोघं आत उतरले. कोणी नव्हतं. ललितानं प्रभादेवीपासून करी रोडपर्यंत चाळी पालथ्या घातल्या. कुणाचंच मूल हरवलं नव्हतं.

"आमची सगळी हायत, बाई," एकीनं फटकारलं. "तुम्ही तुमचं बघा."

बेबी आता चार वर्षांची आहे. अंगावरचं दूध केव्हाच तुटलंय. ललितानं बिऱ्हाडही गिरगावात हलवलं.

तरी भरती लागली की तिचा पदर भिजतो…

डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी.

परवा तिनं बोट लावून चाखलं.

"खारट आहे गं," म्हणाली.

आताशा माझं तान्हं मी तिच्या मांडीवर देत नाही.