नाकाने श्वास घ्या

शर्यतीच्या सरावात पाचव्या वळणावर मी गाडी सरळ गवतात घातली, कारण वळण मला दिसलंच नाही. समोरची काच आतून दुधासारखी पांढरी झाली होती. बाहेर वायपर इमानेइतबारे पाऊस पुसत होता. आतलं धुकं त्याच्या हद्दीत येत नव्हतं.

टायरांच्या भिंतीपासून हातभर अलीकडे गाडी थांबली. केशरी रेनकोटातला झेंडेवाला झेंडा बगलेत मारून धावत आला आणि खिडकीशी वाकला. त्याचा चष्माही पार धुरकटलेला.

"लागलं का कुठे?" माझ्या जरा डावीकडे बघत त्याने विचारलं.

"मी इकडे आहे."

"हो का… माफ करा. मला काही दिसत नाहीये."

"मलाही दिसत नव्हतं. म्हणून तर आले तुमच्याकडे."

त्याने चष्मा काढला. पापण्यांवर पाणी, आणि त्याखाली इतके शांत डोळे, की मी हेल्मेटच्या आत उगाचच हसले. बरं झालं, हेल्मेट होतं.

"तोंडाने श्वास घेत होतात ना?" तो म्हणाला. "नाकाने घ्या. दिवसभर लोकांना हेच सांगतो मी. दातांचा डॉक्टर आहे. तोंडात आरसा घातला की तोही असाच धुरकटतो."

"मग इथे काय करताय, पावसात?"

"सुट्टीच्या दिवशी झेंडे दाखवतो. इथे निदान मला बघून कोणी घाबरत नाही."

खरं तर घाबरायला मला कारण होतं. दुसऱ्या दिवशी मोसमातली शेवटची शर्यत. पुढच्या वर्षी आमच्या टीममध्ये एकच चालक राहणार होता: एक तर मी, नाही तर लाल गाडीवाला. उद्या जो पुढे, त्याची जागा. आणि उद्या दिवसभर पाऊस.

गॅरेजमध्ये दादा कपाळाला हात लावून बसला होता. वजन कमी करायला आमची गाडी सोलली होती त्यानेच. मागची सीट, गालिचा, दारांची आतली अस्तरं, रेडिओ, सगळं उपटून फेकलेलं. गाडीतली प्रत्येक वस्तू तिची वैरीण आहे, असं दादाचं ठाम मत. त्याच झपाट्यात हीटर गेला, काचेवर वारा सोडणारा पंखाही गेला.

"परत बसव की," वहिनी म्हणाली.

"कशाला बसवू? पाइपसुद्धा कापलेत."

"संसारात असं काही कापण्याआधी मला विचारत जा."

मग दादाने गाडीच्या नाकापासून काचेच्या बुडापर्यंत एक जाड नळी ओढली. धावताना बाहेरची हवा आपोआप काचेवर येणार, असा बेत. परीक्षा म्हणून गाडीसमोर मोठा पंखा लावला आणि ओल्या कपड्यांनिशी मला आत कोंबलं. बघता बघता काच पुन्हा पांढरी. त्या काचेआड बसून मी पुढचं वर्ष मनातल्या मनात सोडून दिलं.

"कोणी आहे का?" बाहेरून ओळखीचा आवाज आला. "यांचा हातमोजा गवतात राहिला होता."

"राहिला होता?" वहिनी म्हणाली. "आणि धुऊन, सुकवून आणलात?"

"चिखल… होता जरा."

त्याने खिडकीतून हात घालून नळीच्या तोंडाशी तळवा धरला. त्याची बाही माझ्या हनुवटीला लागली. मी श्वास नाकानेच घेत होते, पण किती घेत होते ते सांगत नाही.

"हवा येतच नाहीये," तो म्हणाला.

"पंखा तर भणाणतोय," दादा वैतागला.

"दातांच्या खुर्चीत बसलाय कधी? तोंडात दोन नळ्या असतात. एक फुंकते, एक ओढते. मी नुसता फुंकत राहिलो तर पेशंट फुगेल. तुमच्या गाडीतून हवा बाहेर कुठून जाते?"

दादाने मागे वळून बघितलं. मागच्या खिडक्यांना हवेसाठी भोकं होती. आदल्या दिवशी त्यानेच ती टेप लावून बंद केली होती. पावसाचं पाणी आत यायला नको, पाण्यालाही वजन असतं म्हणून.

टर्र करून टेप निघाली. नळीतून गार वारा सुटला, कपाळावरची बट उडाली, आणि काच खालून वर निवळत गेली. पलीकडे तो उभा होता. आधी हनुवटी दिसली, मग हसू, मग डोळे.

"दिसतोय का?"

"दिसताय. नीट."

"मग उद्या पाचवं वळण नीट बघा."

"वळण बघू, की तुम्हाला?"

"वळण. मला बघायला नंतर वेळ आहे… म्हणजे, असला तर."

वहिनी खोकली. तिला खोकला नव्हता.

शर्यतीत पाऊस नुसता ओतत होता. शेवटच्या फेरीपर्यंत लाल गाडी माझ्या पुढे. आतला माणूस हाताने काच पुसत होता, आणि पुसून होते न होते तोच ती परत पांढरी. मला मात्र रस्त्यावरचा प्रत्येक ओहोळ दिसत होता. पाचव्या वळणावर बघितलं: पिवळा झेंडा गुंडाळलेला. पुढे जायला मोकळीक होती. तो स्वतः खांबासारखा उभा. झेंडेवाल्याने बाजू घ्यायची नसते. चेहरा असा कोरा, जणू मी कुणाची तरी अक्कलदाढ.

लाल गाडीने वळण शोधत लवकर ब्रेक मारला. मी मारला नाही. आतल्या बाजूने शिरले, चाकं कडेच्या पट्ट्यांवर थडथडली… आणि समोर मोकळा रस्ता होता.

मी पहिली आले. दादाला चष्मा नाही, तरी त्याच्या डोळ्यांवर धुकं होतं. "वजन कमी होतं म्हणून," एवढंच तो म्हणाला, आणि वहिनीच्या खांद्यात तोंड लपवलं.

सगळ्या गाड्या परतल्याशिवाय झेंडेवाल्यांना जागा सोडता येत नाही. म्हणून तो सगळ्यांत शेवटी, चिखल तुडवत आला.

"एक विचारू? माझ्या वळणावर तुमची काच जराशी पांढरी झाली होती. बाहेरून दिसलं मला. टेप राहिली का कुठे?"

"टेप सगळी काढली होती."

"मग श्वास नाकाने—"

"सगळीकडे नाकानेच घेतला," मी म्हटलं. "तुमचं वळण सोडून."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याच्या चष्म्याच्या काचा खालून वर हळूहळू धुरकटत गेल्या.

"आता तोंडाने श्वास कोण घेतंय?"

त्याने चष्मा पुसला नाही. काढून खिशात ठेवला.

"जवळचं मला चष्म्याशिवाय दिसतं," तो म्हणाला, आणि जवळ आला.