लोखंडाच्या किसाची टाळू

"कितीदा तेच वदवून घ्याल? कामधंदा नाही का तुम्हाला?" ही गोष्ट विचारली की जनू आधी असा खेकसतो. मग विडी विझवतो आणि सांगतो.

छप्पन्न साल असावं. जनू अंबरनाथच्या एका कारखान्यात झाडलोट करायचा. लेथखालचा लोखंडाचा कीस डब्यात भरून हेंद्रेपाड्याला कारखान्यातल्या हेमचंद्रसाहेबांच्या घरी पोचवायचा. साहेबांची मुलगी अकरा दिवसांची होऊन वारली, बारसंही झालं नव्हतं. तेव्हापासून साहेब आकाशाच्या पुस्तकांत तोंड खुपसून बसलेले. टेबलावर काच, काचेखाली लष्करी छावणीच्या भंगारातलं थोरलं चुंबक, वर रेषारेषांनी मांडलेला कीस.

त्या दिवशी तिन्हीसांजेला जनू गेला, तर साहेब बाहेर गेलेले. त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई एकट्याच टेबलापाशी.

"हे म्हणतात, ताऱ्यांच्या मधे वायूचे ढग असतात," त्या हळू म्हणाल्या. "आपल्याच वजनानं गोळा होऊन तारा व्हायला बघतात. पण चुंबकाच्या अशाच रेषा ढगाला धरून ठेवतात. लाखो वर्षं ताटकळतो बिचारा."

"आम्हाला काय कळतंय बाई त्यातलं."

"जन्मायला बघतंय, जनू... आणि सोडत नाहीत."

त्यांनी चुंबक ओढून काढलं आणि परसात ठेवून आल्या.

चुंबक गेलं की कीस मेल्यासारखा पडतो, एवढं जनूला ठाऊक होतं. हा पडला नाही. सुपात तांदूळ सरकावेत तशी सळसळ झाली. कडेचा कीस मधे सरकू लागला. खोलीत वेखंडाचा, धुरीचा वास भरला. मुठीएवढा गोळा झाला. माथ्यावर एक खळगा... तो वर-खाली होत होता.

"टाळू उडतेय..." बाई भ्यायल्या नाहीत. देवापुढच्या वाटीतलं तेल बोटानं त्यांनी खळग्यात सोडलं. गोळ्यानं ते पिऊन टाकलं.

तेवढ्यात साहेब आले. पाहिलं आणि पांढरेफटक पडले. परसातून चुंबक आणून त्यांनी काचेखाली सारलं. गोळा फाटला, पुन्हा रेषा झाल्या.

"राहू द्या ना हो तिला..." बाई एवढंच म्हणत राहिल्या.

"जनू, हे तुझे चाळे. हिच्या दुःखाशी खेळतोस?" साहेबांनी कीस डब्यात ओतून त्याच्या हातात कोंबला आणि त्याला घराबाहेर काढलं. फाटकाशी बाई धावत आल्या. "तेल चुकवू नकोस रे."

जनूनं चुकवलं नाही. दर शनिवारी डब्यात एक थेंब सोडतो. सकाळी कीस कोरडा. गेल्या महिन्यापासून डब्याचं झाकण बसत नाही.

"माफी माझीही राहिलीय आणि हिचीही," डब्यावर हात ठेवून जनू म्हणतो. "मागायची कुणी, तर हेमचंद्रसाहेबांनी."