रिकाम्या गाडीचं वजन

संग्रामपुरात कोणी गाडी घेतली की लोक आधी मायलेज विचारतात, मग हप्ता विचारतात, आणि एवढं करून तोंडात काही उरलंच तर अभिनंदन करतात. सहदेवच्या व्हॅनच्या वेळी मात्र पहिला प्रश्न वेगळा निघाला.

"क्लच कुठी आहे बे हिचा?" टपरीवरच्या एकाने दारातून डोकं घालून विचारलं.

"आत आहे. गाडी आपल्या मनानंच दाबते."

"म्हंजे बिनक्लचची गाडी अन् बिनभांडणाचा संसार. आजवर दोन्ही आयकूनच माहीत होते."

सहदेव हसला. हसण्यात त्याचं काही जात नव्हतं. ट्रकवर असताना डाव्या पायाचा घोटा गेला, तेव्हापासून त्याला क्लच दाबता येत नव्हता. आणि गाडी चालवण्यापलीकडे दुसरं काही येत नव्हतं. आपोआप गिअर बदलणारी ही व्हॅन जालन्याकडे जुन्यात मिळाली, तेव्हा त्याने बायकोची पोत मोडली. ही चालली तर तो ड्रायव्हर. नाही तर टपरीच्या बाकड्यावर आणखी एक माणूस. त्या बाकड्यावर जागा नेहमीच असते, हे त्याने पाहून ठेवलं होतं.

ते बोंडअळीचं साल. ज्या बियाण्याला अळी लागणारच नाही असं सगळ्यांनी ऐकलं होतं, त्याच्याच बोंडातून गुलाबी अळी निघत होती. जवळपासच्या शेतांत कापूस पिवळा, बोंडं अर्धीच उललेली. वेचणीची मजुरी किलोवर. किडक्या कापसाला वजन येत नाही आणि बोटं मात्र तेवढीच सोलवटतात. म्हणून बाया पार टुनकीच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी जिथे पीक जरा बरं होतं, तिथे जायला लागल्या. आणि म्हणून सहदेवच्या व्हॅनला काम लागलं.

टोळी सिंधूताईची. गाडीत कोणी कुठे बसायचं ते तीच ठरवी, आणि त्याची एक रीत होती: अंगाने भरलेल्या बाया आधी, मग मधल्या, आणि बारीक शेवटी. बारीक बाई कुठेही मावते. कोकिळा सगळ्यांत बारीक, म्हणून रोज सगळ्यांत शेवटी. तिच्या वाट्याला सीट अशी नव्हतीच. दाराजवळच्या पत्र्यावर ती डबा मांडीत घेऊन टेकायची.

"हिचं भाडं अर्धंच घ्या, सहदेवभाऊ," सिंधूताई म्हणायची. "हे का माणूस आहे? हे त भरल्या पोत्यात वरून कोंबलेला मूठभर कापूस आहे."

कोकिळाही हसायची. दिवसभरात तिचा आवाज ऐकू यायचा तो तेवढाच.

दिवाळीच्या सुमाराला चढावर गाडीतून जळका वास येऊ लागला. सहदेव गाडी घेऊन शेगावला जाकीरकडे गेला. जाकीर मेकॅनिक, निम्मं हिंदीत निम्मं वऱ्हाडीत बोलणारा, आणि खर्चाचा आकडा सांगताना गिऱ्हाइकाच्या नव्हे तर गाडीच्या डोळ्यांत बघणारा.

"सहदेवभाऊ, साध्या गाडीत पायाले कळते. हिच्यात पाय नाई, दिमाग आहे. हे वजन पाह्यते, चढ पाह्यते, मग गिअर टाकते. तुम्ही ठासून भरान त क्लच घासते."

"किती लागन?"

"प्लेट अन् तो दाबणारा पंप, दोन्ही गेले त साठ हजार. साध्या गाडीत दहाच्या आत भागते. ऐश की कीमत आहे."

ऐश! सहदेवने घोट्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याने चढाच्या पायथ्याशी गाडी उभी केली. "एक जण उतरा," तो म्हणाला. "गाडी ओढून नाई राह्यली."

कोणी हललं नाही. आत जी आधी बसली तिला उतरायचं तर सगळ्या गाडीने उतरावं लागणार. नजरा आपोआप दाराकडे वळल्या. आणि अशा रीतीने, भार कमी करायचा म्हणून, सहदेवने टोळीतली सगळ्यांत हलकी बाई उतरवली. हिशेबातली ही चूक त्याला त्या वेळी दिसली नाही. इतर वेळी चार आण्यांचीही दिसते.

कोकिळा डबा घेऊन खाली उतरली.

"उद्या नेसान ना, भाऊ?"

"हाव. उद्या पक्की."

त्या दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून ती रस्त्याकडेच्या एका शेतात गेली. तिथे अळीवर फवारणी चालू होती, औषधात मिसळायला पाणी आणून द्यायचं काम मिळालं. पंप गळका होता म्हणतात. संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. अकोल्याला नेता नेता गेली.

सहदेवला कोणी बोल लावला नाही. "तिची येळ आली होती," सिंधूताई म्हणाली. हे वाक्य लोक मेलेल्यासाठी नव्हे, जिवंतासाठी ठेवून देतात. सहदेवला ते कळलं, आणि त्याने ते घेतलं.

मग गाडी बिघडली.

पहिल्यांदा संध्याकाळी. बाया उतरवून तो सपाट रस्त्याने घरी येत होता. रिकामी गाडी अशा वेळी झटझट वरच्या गिअरला जाते. ती दुसऱ्यातच राहिली. इंजिन कण्हत होतं, जसं भरल्या गाडीत कण्हतं.

चार दिवसांनी त्याच चढाच्या पायथ्याशी गिअर आपोआप न्यूट्रलला आला. गाडी उभी राहिली. सहदेवने पुन्हा टाकला; बसेना. जरा वेळाने कट् असा आवाज झाला, गिअर पडला, आणि गाडी निघाली. पण जड निघाली.

पुढे ते रोजचंच झालं. तिथे थांबायचं, थोडा वेळ जायचा, कट्. सिंधूताई एकदा पुटपुटली, "सरका गं जरा," आणि दाराकडच्या बाया कोणी न सांगता आत सरकल्या. सहदेवने आरशात पाहिलं. दाराजवळचा पत्रा मोकळा होता. त्या दिवसापासून त्याच्यावर कोणी टेकलं नाही.

जाकीरने क्लचचा पंप बदलला. बावीस हजार गेले. काही फरक पडला नाही. मग त्याने गाडीला यंत्र जोडलं, बराच वेळ पडदा पाहिला.

"खराबी नाई. मशीन म्हणते, गाडी भरलेली आहे."

"रिकामी आहे ना पण."

"मले दिसते, भाऊ. मशीनले नाई दिसत." त्याने हात पुसले. "कुठी चेसीमधी मालबिल दाबलेला असन. जुनी गाडी, कोनाची काय माहीत. वजन करून घेऊ. असंच चाललं त महिन्यात क्लच जाईन."

सहदेवकडे नव्या क्लचसाठी पैसे नव्हते. क्लच गेला की गाडी गेली, आणि बाकडं आलं.

जवळच्या जिनिंगवर मोठा वजनकाटा होता. दुपारची वेळ, कापसाच्या गाड्या त्या वर्षी कमीच; अंगणात सरकीचा वास आणि हवेत रुईचे तंतू. सहदेवने व्हॅन लोखंडी प्लेटवर घेतली. केबिनमधल्या काटेवाल्याने सवयीने भोंग्यावर पुकारलं:

"रिकामं वजन. गाडीतले सगळे खाली उतरा."

सहदेव आणि जाकीर उतरून बाजूला उभे राहिले. केबिनवरच्या पाटीवर लाल आकडे थरथरले, स्थिरावले. कागदावरच्या वजनापेक्षा चाळीस किलो जास्त.

"जॅक, पाने असतीन," काटेवाला म्हणाला.

"सगळं काढून आलो मी," जाकीर म्हणाला. "अन् चाळीस किलोनं काय होते? येवढ्यानं गिअर नाई अडत."

तो स्टिअरिंगवर बसला आणि गाडी प्लेटवरून खाली घेतली. अंगणाला एक फेरी मारली. पहिला, दुसरा, तिसरा. गाडी पाण्यासारखी चालली. सहदेवने तो आवाज किती दिवसांनी ऐकला होता.

"पाह्यलं का!" जाकीर खिडकीतून म्हणाला. "आपल्या मनानं बिघडली, आपल्या मनानं सुधरली. आता बंद करू नका, अशीच घरी न्या."

तेवढ्यात काटेवाला केबिनच्या दारात आला.

"प्लेटीवर कोन उभं आहे बे?"

कोणी नव्हतं. पाटीवर चाळीसचा आकडा होता.

काटेवाला आत जाऊन बटण दाबून आला. शून्य झालं. मग पुन्हा चाळीस.

"काटा गेला वाट्टे," तो म्हणाला.

सहदेव प्लेटकडे बघत राहिला. सगळे खाली उतरा म्हटलं होतं. कोकिळा कोणाला दुसऱ्यांदा सांगायला लावणारी नव्हती.

"चला भाऊ," जाकीर बाजूच्या सीटवर सरकत म्हणाला. "उशीर होऊन राह्यला."

गाडी चालू होती. हलकी, निरोगी, क्लचचा खर्च वाचवलेली. नुसतं बसायचं आणि जायचं.

सहदेव स्टिअरिंगवर बसला. त्याने गाडी मागे घेतली, प्लेटच्या कडेला लावली, चाक प्लेटला शिवू न देता. मग लंगडत खाली उतरून त्याने बाजूचा दरवाजा सरकवला.

"काय करून राह्यले?"

"थांब जरा."

जाकीर थांबला. रुईचे तंतू उडत होते. काटेवाल्याने पाटीवर एक चापट मारून पाहिली.

आकडा एकदम गेला नाही. आधी वीस झाला, आणि तिथेच राहिला. पायरीवर एक पाय ठेवून माणूस आत जागा आहे का बघतो, तेवढा वेळ.

मग शून्य.