कोपरा फाडलेलं कार्ड

खोटं वाटलं तर सोडून द्या. मी कुणाला शपथ घालायला बसलो नाही. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय, आमच्या वाटूरमध्ये, १९९८ च्या उन्हाळ्यात. आणि रात्री नाही... भर दुपारी.

माझे चुलते बद्रीनाथकाका. दिल्लीच्या हिंदी पेपरात वाचकांची पत्रं छापतात ना, तिथं पत्र पाठवायचं त्यांना वेड. देशात काहीही होवो, काकांचं मत तयार. हात थरथरायचा, म्हणून ते सांगायचे आणि मी पोस्टकार्डावर लिहायचो. वर आधी 'श्री'. वाक्य संपलं की काका काठी आपटायचे.

टक.

म्हणजे पूर्णविराम.

त्या मेमध्ये अणुचाचणी झाली. काकांनी सांगितलं, "बाँब झाला, अभिनंदन. पण वाटूरच्या नळाला पाणी कधी?" मग मला म्हणाले, "वसंता, जल्दी टाक. शिळं झालं की छापत न्हाईत."

मी टाकलं नाही.

खरं सांगतो, त्याआधीची पाचही टाकली नव्हती. पत्रपेटी पार फाट्यावर, उन्हात कोण जाणार? सहाही कार्डं माझ्या पत्र्याच्या पेटीत पडून होती.

एसटीनं पेपर आला की काका विचारायचे, "आलं का रे आपलं?"

मी म्हणायचो, "येईल की."

असं विचारता विचारताच ते गेले.

नातेवाइकांना कळवायची कार्डं मीच लिहिली. वर 'श्री' नाही, कोपरा फाडलेला. असलं कार्ड वाचून लगेच फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत.

तेराव्यानंतर पेपर उघडला आणि...

काकांचं पत्र. खाली नाव, गाव, सगळं बराबर.

धावत जाऊन पेटी पाहिली. पाचच कार्डं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडलो होतो. रिकाम्या ओसरीवरून आवाज आला...

टक... टक...

त्यानंतरचं आठवत नाही. जाग आली तेव्हा तळपाय भाजत होते. दारात शेजारची उषाकाकू उभी होती.

"आरं वसंता, एवढ्या उन्हात अनवाणी फाट्याकडं कशाला गेल्तास? मी हाका मारून राह्यले, तू वळूनबी बघितलं न्हाई!"

मी तर झोपलो होतो.

पेटीत चार कार्डं उरली होती.

महिनाभरात सहाही पत्रं छापून आली. शेवटचं आलं त्या दिवशी मी पोटभर रडलो. काकांना एवढंच हवं होतं, आणि माझ्याच्यानं तेवढंही झालं नव्हतं. वाटलं, आता सुटलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी झोपून उठलो तर बोटांना शाई...

पेटीत नवं कार्ड होतं. पत्ता पेपरचा. अक्षर माझं.

वर 'श्री' नव्हतं. कोपरा फाडलेला होता.

"वाटूरचे वसंता आज दुपारी वारले." एवढंच. तारखेची जागा मोकळी.

फाडून विहिरीत टाकलं. संध्याकाळी पेटी उघडली तर कार्ड जागेवर... अख्खं. फाटलेला तेवढा कोपराच.

या गोष्टीला तीन उन्हाळे झाले. दुपारी मी झोपत नाही. डोळ्यांवर पाणी मारतो, अंगणात फेऱ्या घालतो. काकू हसते. रोज पेटी उघडून कार्ड आहे ना, ते बघतो.

काल जरासा डोळा लागला.

उठलो तर तळपाय भाजत होते.

पेटी उघडायची अजून हिंमत झालेली नाही. आज फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला आणि पेपर आणणाऱ्याला माझ्याच तोंडून विचारलं गेलं...

"आलं का रे आपलं?"