वाफेच्या टगवरचा डबा

क्षितिज, कॉरिडॉरचा दिवा राहू दे. गार्गी, हळू बोल, तुझी आई झोपलीय.

ही गोष्ट आमच्या पद्माकरची. गुहागरकडचा, इथं सिंगापूरच्या बंदरात टगवर होता. टग म्हणजे मोठ्या जहाजांना दोर लावून ओढणारी बोट. साल चौऱ्याण्णव, सर्वपित्रीची रात्र.

जुरोंगच्या चिखलात एक जुनी वाफेची टग पडून होती. आपल्या खापरपणजोबांच्या काळातली. डचांनी सुमात्रातल्या आचे प्रांताचा किनारा अडवला, तेव्हा भाड्यानं नेलेली म्हणे. तांदळाच्या होड्या पकडायच्या, दोर लावून दूर न्यायच्या. किनाऱ्यावर उपाशी माणसं हाका मारायची. टग थांबली नाही. हुकूम होता.

आता तिलाच भंगारात ओढून न्यायची होती. पद्माकर पुढच्या टगच्या इंजिनावर. त्याचा धाकटा भाऊ दिलीप मागं त्या जुन्या टगवर, आत शिरणारं पाणी पंपानं उपसायला. एकटाच.

निघताना पद्माकर म्हणाला, "दिल्या, आधी पितरांचा घास काढ, मग जेव."

"दादा, पितर गुहागरात जेवले. इथं मीच उपाशी आहे!" आणि डबा घेऊन हसत गेला.

अर्ध्या वाटेत मागून शिटी आली. लांब. दमलेली. वाफेची.

त्या टगवर बॉयलर उरलाच नव्हता.

"डोन्ट ब्लफ लाह, आजोबा," क्षितिज म्हणाला. पण जवळ सरकला.

पुन्हा शिटी. मागं दिलीपची बॅटरी हलायला लागली.

"दादा! थांबव... इथं माणसं आहेत... जेवायला मागतायत..."

पद्माकर कॅप्टनकडे धावला. कॅप्टननं मागं बघितलंसुद्धा नाही. "चॅनेल में रुकना नहीं. हुकुम है."

पद्माकर इंजिनापाशी परतला. बंद करता आलं असतं. हात तिथवर गेला...

तिथंच थांबला. इंजिन चालूच राहिलं.

बॅटरी विझली.

"मग?" गार्गीनं विचारलं.

मग काही नाही. पाणी शांत.

भंगाराच्या यार्डात पोचल्यावर, उजाडताना, पद्माकर जुन्या टगवर चढला. दिलीप नव्हता. पुढंही सापडला नाही. पाय घसरला, असं ऑफिसनं ठरवलं. पद्माकर अजून तोआ पायोहला एकटा राहतो. भात खात नाही.

डबा तेवढा पंपाशी होता. झाकण लावलेला.

त्यानं उघडला. शिजलेल्या भाताचं शीतही नव्हतं. काठोकाठ साळ... टरफलासकट. समुद्राच्या पाण्यानं ओली.

आणि शेजारी, कोरड्या पत्र्यावर, एक मूठ साळ, पितरांचा घास काढतात तशी बाजूला काढून ठेवलेली.