अठरावं पान

नेपल्समध्ये रविवारी सकाळपासून चुलीवर टोमॅटो-मटणाचा रागू रटरटत असला, की घरात कसं सगळं सुरळीत वाटतं. एर्मेलिंदाच्या घरीही वाटत होतं. तिच्या लेकीचा, नुन्झियाचा आज साखरपुडा. टेबलावर अठरा पानं मांडलेली, खिम्याचे गोळे मंद आचेवर. आणि ऐन वेळी भाचा आन्येल्लोचा फोन आला. त्याचं पोट बिघडलं होतं, तो येणार नव्हता.

राहिले सतरा. तेराचं तिकडे कुणाला फारसं वाटत नाही. पण सतरा म्हणजे साक्षात अवदसा. त्यात होणारी विहीण कार्मोझीना अशी खट, की मुलीच्या घराचा नंबर सतरा निघाला म्हणून तिने मुलाचं आधीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. नुन्झिया छत्तिशीला टेकलेली. आज फिसकटलं तर संपलंच.

एर्मेलिंदा एप्रनवरच खाली धावली. अशा वेळी रस्त्यावरचा माणूस धरून आणायची तिकडे रीतच आहे. चर्चच्या पायरीवर काळ्या सुटातला एक म्हातारा बसला होता. जेवायला चला म्हटल्याबरोबर उठला. जिन्यात त्याच्या अंगाला तळघराचा ओला, कुबट वास आला. पण वास घेत बसायला वेळ कुणाला होता?

सगळे बसल्यावर कार्मोझीनाने बोट नाचवत माणसं मोजली. तिचा चेहरा उतरला.

"सतरा."

एर्मेलिंदाने मोजली, तर अठरा. स्वतःला धरलंत ना, असं तिने विचारून पाहिलं, तर विहीण भडकलीच. मग दोघी एकेकाच्या खांद्याला हात लावत टेबलाभोवती फिरल्या. म्हाताऱ्यापाशी कार्मोझीना सरळ पुढे गेली. एर्मेलिंदाचा हात त्या खांद्यावर पडला... आणि बोटं गारठली.

कार्मोझीनाने कोट मागवला. तिचा बेचाळीस वर्षांचा बाळ, कातेल्लो, मुकाट उठून उभा राहिला. नुन्झियाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

म्हातारा एर्मेलिंदाच्या कानाशी वाकला. "मी एका वेळी एकालाच दिसतो, बाई... हरकत नसेल, तर त्यांच्याशेजारी बसू?"

भुतंबितं मागाहून बघू, आधी पोरीचं होऊ दे. तिने मान डोलावली.

तो तिला दिसेनासा झाला. कार्मोझीनाचा एक हात कोटाच्या बाहीत होता. ती थबकली, पुन्हा मोजलं, आणि कोट टाकून हसली. अठरा! गळाभेटी झाल्या, अंगठी बोटात गेली.

एर्मेलिंदाने हळूच मोजलं. सतरा. अपशकुन टळावा म्हणून तिकडे लोखंडाला हात लावतात; तिने टेबलाचा लोखंडी पाय घट्ट धरला. समोर कार्मोझीना शेजारच्या रिकाम्या खुर्चीशी गुलुगुलु बोलत दुसऱ्यांदा पास्ता वाढत होती. ताटली रिकामी होत होती.

"विहीणबाई," ती चक्क लाजत म्हणाली, "तुमचे हे पाहुणे भारीच सभ्य हो. एकटेच असतात म्हणे... मी म्हटलं, आमच्याकडेच राहायला या. नव्या जोडप्याच्या शेजारची खोली मोकळीच आहे."

एर्मेलिंदाने नजर वळवली. पलीकडे लेक कधी नव्हे ती मोकळं हसत होती.

"वाढा त्यांना आणखी..." एर्मेलिंदा म्हणाली. ताटलीकडे मात्र तिने पुन्हा पाहिलं नाही.